भीतीची शिकवणी

कोटाचं वरचं बटण काजात बसेना. तिने ते दाबलं, ओढलं, आणि शेवटी हात खाली सोडले.

"राहू दे उघडंच," पेट्रोल पंपवाले काका म्हणाले. "तुझा बापही वरचं कधी लावायचा नाही. आयुष्यभर लोकांचे गळे बेतले, आणि स्वतःच्याच कोटाचा गळा चुकला."

ती हसावी म्हणून ते बोलले आहेत हे तिला कळलं. तिने ओठ थोडे हलवले.

दुकान बंद केल्यावर बाबांनी शिवलेला हा एकच कोट. खाकी, जाड, आणि खिसे एवढे खोल की हात मनगटाच्याही वर आत जावा. शिवणीत अजून दाण्यांचा कोंडा अडकून होता. ते गेल्यापासून कोट पाणथळीवरच्या स्वयंसेवकांच्या खोलीत, वल्ह्यांशेजारच्या खिळ्यावर तसाच लटकत होता. धुवायला न्यावा असं कोणालाच सुचलं नव्हतं, किंवा सगळ्यांनाच सुचून कोणी नेला नव्हता.

"मीच का, ते परत एकदा सांगा," ती म्हणाली.

काकांनी डबा पुढे केला. पत्र्याचा, झाकणाला पोचे पडलेला.

"हा वाजला की पाणकोंबड्या येतात. कोणीही वाजवला तरी. तुझ्या बापाने लावलेली सवय. मी सांगत होतो, अरे, रानातल्या जिवांना लळा लावू नये. ऐकतो कुठे! पाहुणे होडीतून फिरायचे आणि नुसतं गवत बघून परत जायचे. इथे भराव घालायचं तर जवळजवळ ठरलंच होतं. मग तो हा डबा घेऊन धक्क्यावर उभा राहिला. पक्षी पायाशी आले, लोक यायला लागले, भराव टळला. त्याला तरी काय बोलणार?"

"आणि आता?"

"आता कोणीतरी जाळं घेऊन येतं आणि असाच डबा वाजवतं."

दारापाशी चिखलाचे बूट काढत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि सुटीच्या दिवशी इथली जलपर्णी उपटायची, असा त्यांचा नेम होता. "आम्ही डबा वाजवून हाकललं त्यांना. पळाल्या. पण भीती आमची बसली, डब्याची नाही. त्यांना वाटतं डबा तुझ्या बाबांचा, आणि आम्ही मधलेच कोणीतरी आगाऊ."

"मी हा कोटही घालून बघितला," काका म्हणाले. "पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाकडे बघावं तशा लांबून बघत राहिल्या. त्या चाल ओळखतात, पोरी. डावा खांदा पाडून चालण्याची. तू परवा फाटकातून आत आलीस, तेव्हा माझ्या हातातलं वल्हं पडलं. थोड्या दिवसांत पिल्लं होतील. आई डब्याला आली की पिल्लंही मागोमाग येणार. त्याच्या आत त्यानेच हाकलायला हवं त्यांना."

'त्यानेच' हा शब्द त्यांच्याही कानाला लागला असावा. ते उठून बाहेर गेले.

धक्क्यावर सकाळचं धुकं अजून पाण्यालगत होतं. ती टोकापर्यंत चालत गेली. खांदा मुद्दाम पाडावा लागला नाही. तिथे चिखलाचा उंचवटा पाण्यात उतरत होता, आणि पलीकडे पाणकणसांची दाट भिंत. तिने झाकणावर बोटांनी वाजवलं.

पाणकणसं हलली. आधी एक लाल कपाळ बाहेर आलं, मग त्यामागचं जांभळं अंग. मग दुसरी, मग चहूकडून. लांबलांब बोटं उचलून, चिखल न्याहाळत पुन्हा ठेवत, शेपट्या झटकत त्या आल्या. धावत नाही, पण उशीर झाल्यासारख्या. एकीने कोटाचं टोक चोचीत धरून ओढलं. दुसरी खिशाखाली मान वर करून थांबली.

बाबा गेल्यावर भेटायला आलेले सगळे दबक्या आवाजात बोलले होते. कोणाचा आनंद असा पायाशी येऊन उभा राहिला नव्हता. तिचा हात आपसूक खिशात गेला. रिकामी मूठ बाहेर आली, आणि सगळ्या माना त्या मुठीबरोबर वळल्या.

मागे काका खाकरले. एवढंच.

"हट," ती म्हणाली.

आवाज फुटला नव्हता. पक्षी तसेच उभे राहिले.

बाबा कधीच कोणावर ओरडले नव्हते. कपडे वेळेवर तयार नाहीत म्हणून भांडणाऱ्या गिऱ्हाइकावर नाही, लहानपणी कात्रीने नवं कापड कापून टाकणाऱ्या तिच्यावरही नाही. तिने डबा धक्क्याच्या खांबावर आपटला.

"हट! चला! निघा इथून!"

पंखांचा, पाण्याचा, चिखलाचा एकच गोंधळ उडाला. पाणकणसांच्या कडेशी जाऊन त्या थांबल्या, वळल्या, आणि काहीतरी चुकून झालं असावं अशा पुन्हा येऊ लागल्या. सगळ्यात पुढे कोट ओढणारी होती.

तिने पुन्हा डबा आपटला. पुन्हा ओरडली. चिखलाचे गोळे उचलून फेकले, लागणार नाहीत असे, पण जवळून जातील असे. घसा सोलवटला तरी ती ओरडत राहिली.

परत आली तेव्हा काका होडीचा दोर सोडवत होते. दोराला गाठ नव्हती.

"झालं ना?" तिने विचारलं.

"आज झालं."

"म्हणजे उद्याही?"

"एकही येईनाशी होईपर्यंत."

ती पायरीवर बसली. "काका, आता त्यांच्या लेखी बाबा वाईटच ठरणार."

काकांनी दोर गुंडाळायला घेतला. "ठरू दे. त्या जगतील ना."

तिने कामावर रजा वाढवून घेतली. रोज सकाळी कोट, रोज डबा. येणाऱ्या कमी होत गेल्या. मग कडेपर्यंत येऊन थांबणाऱ्या उरल्या. मग फक्त ती एक, कोट ओढणारी, तीही अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारी. घरी आरशात ती कोट घातलेल्या स्वतःकडे बघायची नाही.

मग एका सकाळी तिने डबा वाजवला आणि कोणीच आलं नाही.

तिने पुन्हा वाजवला. गवताच्या आत कुठेतरी एक पाणकणीस थरथरलं आणि स्थिर झालं. तिने आणखी एकदा वाजवला, या वेळी हळू, दाणे असताना बाबा वाजवत असावेत तसा. पाण्यावर काहीही हललं नाही. काम झालं होतं. मागे काका इंजिनाशी खुडबुड करू लागले. ते कालच दुरुस्त झालं होतं.

उन्हं वर आल्यावर पाहुण्यांची पहिली होडी धक्क्याला लागली. टोपी सावरत एक वयस्क गृहस्थ उतरले आणि तिच्या चिखलाने माखलेल्या कोटाकडे बघून तिला इथलीच समजले.

"आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा इथे पाणकोंबड्या अगदी पायाशी यायच्या. एक शिंपी होते, त्यांच्या हातातून दाणे खायच्या."

"हो. यायच्या."

"आणि आता?"

"आता माणूस दिसला की पळतात."

"अरेरे. घाबरट झाल्या म्हणायच्या."

"हो," ती म्हणाली. पहिल्या आलेल्या पोराचा निकाल शेजारी सांगताना आयांचा आवाज होतो, तसा तिचा झाला. "सगळ्याच्या सगळ्या."