राखाडी सभागृह

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. काळा-पांढरा, लाकडी खोक्याचा, पुढे सरकती दारं असलेला. माझ्यासारखे टीव्ही तुम्ही कदाचित पाहिलेही नसतील. माझ्याबद्दल एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. लोक मला बघतात, पण मला माझा स्वतःचा पडदा कधीच दिसत नाही. माझ्या पोटातून जाणारे आवाज मला ऐकू येतात आणि समोर बसलेल्यांचे चेहरे मला दिसतात. माझ्यावर काय चाललं आहे ते मी त्या चेहऱ्यांवरून ओळखतो. बहुतेक वेळा ते जमतं. एका वर्षी मात्र माझा पार गोंधळ उडाला. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणी माझ्या तारा जोडल्या, कोणी काच बसवली, कोणी खोक्याला पॉलिश केलं. मग बडोद्याच्या एका दुकानातून मी दांडिया बाजारात चिटणीसांच्या घरी आलो. पद्माकर चिटणीस, त्यांच्या पत्नी लीलाताई आणि मुलगी निरुपमा, असं तिघांचं घर. चिटणीसांचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात लिहिण्याचं काम करत. "आमच्या घराण्याची लेखणी कधी चुकली नाही," असं पद्माकरराव पाहुण्यांना हटकून सांगत.

सुरुवातीला माझा काय थाट होता! रविवारी सकाळी आळीतली निम्मी माणसं आमच्या दिवाणखान्यात येऊन बसायची. लीलाताईंनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता. निरू शाळेतून आली की आधी माझी दारं सरकवायची, मग दप्तर ठेवायची.

पुढे दिवस बदलले. घराघरांत रंगीत टीव्ही आले, छपरांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या. रविवारची माणसं येईनाशी झाली. खालच्या मजल्यावरचे हिंमतराव वर आले की मला टपली मारून म्हणत, "पद्माकरभाई, हा डब्बो आता काढा ना! आमच्याकडे बघा, केवढी चॅनलं येतात!"

"बातम्या काळ्या-पांढऱ्याच बऱ्या असतात," पद्माकरराव म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं.

याच काळात घरातही एक मोठी गोष्ट घडली. निरूने कॉलेज करता करता लघुलेखन शिकून घेतलं होतं. बोलणाऱ्याच्या वेगाने, खुणांमध्ये लिहायची ती विद्या. तिचा हात फार चांगला चाले. माझ्या बातम्या लागल्या की ती समोर बसून सगळ्या उतरवून काढायची. मग एक परीक्षा दिली आणि तिला दिल्लीला सरकारी नोकरी लागली. पण त्याच सुमारास पद्माकररावांनी तिचं लग्न जमवत आणलं होतं.

"दिल्लीत एकटी राहणार? कोण आहे तिथे आपलं?" ते ओरडले.

"बाबा, मला हे काम येतं. मला हेच करायचं आहे," निरू म्हणाली.

"मग जा. पण गेलीस तर या घरात तुझा फोनही यायला नको."

निरू गेली. त्या दिवसापासून पद्माकररावांनी तिचं नाव घेतलं नाही. घरात फोन नव्हताच. लीलाताई कधीमधी खाली हिंमतरावांच्या घरी निरूचा फोन घ्यायला जात आणि डोळे पुसत वर येत. पद्माकरराव पेपरातून मान वर करत नसत.

आणि मग, मित्रांनो, माझा गोंधळ सुरू झाला.

पद्माकरराव निवृत्त झाले होते. ते रोज सकाळी वाचनालयात जात आणि दुपारी जेवायला परत येत. एक दिवस ते जिना उतरल्याबरोबर लीलाताईंनी माझी दारं सरकवली आणि मला चालू केलं. सकाळच्या वेळी त्यांनी मला कधीच लावलं नव्हतं. माझ्यातून आवाज येऊ लागला तो दिल्लीच्या संसदेचा. प्रश्नोत्तरांचा तास चालू होता.

मी बुचकळ्यात पडलो. लीलाताईंना राजकारणाची काडीचीही आवड नव्हती. बातम्या लागल्या की त्या आत जाऊन भाजी निवडत. आणि आता त्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, चष्मा नाकावर ओढून, एकटक बघत होत्या.

संसदेतलं बोलणं तर मला मुळीच उमगत नसे. कोणी म्हणे, हा तारांकित प्रश्न आहे. प्रश्नाला तारे कुठून आले? मंत्री म्हणत, उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे. मग सगळे पुन्हा तेच का विचारत होते? अध्यक्ष सारखे म्हणत, "बैठ जाइए, बैठ जाइए," आणि त्यानंतर आवाज आणखी वाढायचा.

पण लीलाताईंचा चेहरा त्याहून अवघड होता. खतांच्या पुरवठ्यावर रटाळ उत्तर चाललं असताना त्या एकदम हसायच्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या. खतात रडण्यासारखं काय होतं? थोड्याच वेळात, मंत्र्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं असतानाच, त्या समाधानाने उठून कुकर लावायला जायच्या. मला वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलं आहे.

काही आठवडे तर आणखी विचित्र जात. त्या बसत, खूप वेळ शोधत, आणि मग हिरमुसून मला बंद करत. एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "हिरवा गालिचा तो आपला, लाल तो दुसऱ्यांचा म्हणे. इथे सगळंच राखाडी. मला मेलीला कळायचं कसं?" तेव्हा मला प्रथमच स्वतःच्या काळ्या-पांढऱ्या असण्याची लाज वाटली. कोणता गालिचा आणि कोणाचा, ते मात्र कळलं नाही.

पद्माकरराव घरी येईपर्यंत माझी दारं बंद झालेली असत. एकदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हा गरम कसा काय?"

"उन्हाने असेल," लीलाताई म्हणाल्या. ऊन आमच्या दिवाणखान्यात येतच नसे. पद्माकरराव जेवायला बसले.

मग थंडीचे दिवस आले. आकाशात पतंग दिसू लागले, गच्चीवर मांजा पडू लागला. अशाच एका सकाळी पद्माकररावांना ताप आला. शाल पांघरून ते माझ्यासमोरच्या आरामखुर्चीत बसले. वाचनालयाला जाण्याचं नावच नव्हतं. लीलाताई स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. घड्याळाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या. शेवटी त्या ताठ चालत आल्या आणि त्यांनी माझी दारं सरकवली.

"हे काय? आत्ता काय लागतं?" पद्माकररावांनी विचारलं.

"संसद लागते. मला बघायची आहे."

"संसद? तुला?" ते उठून बसले. "लीला, ताप मला आलाय की तुला?"

"आज बघितलं नाही, तर पुन्हा बघायला मिळणार नाही," लीलाताई म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर डोळे मिटून पडा. मी बंद करणार नाही."

त्यांना नवऱ्याशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पद्माकरराव एकदा बायकोकडे आणि एकदा माझ्याकडे, असे बघत राहिले.

त्या दिवशी संसदेत सुरुवातीपासूनच आरडाओरडा होता. कशावरून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी घोषणा देत होतं, कोणी बाकं बडवत होतं. अध्यक्षांचा आवाज त्यात बुडून गेला होता. लीलाताई पुढे सरकत सरकत माझ्या काचेला नाक टेकण्याच्या बेताला आल्या.

"बघा, बघा! सगळे मधल्या जागेत धावले," पद्माकरराव करवादले. "कागद फाडतायत, टेबलावर मुठी आपटतायत! ह्यांना निवडून दिलं आपण!" मग ते थोडे थांबले. खुर्चीतून पुढे वाकले. त्यांचा स्वर बदलला. "अगं, पण त्या टेबलाशी बसलेली पोरगी बघ. चहूबाजूंनी माणसं अंगावर आलीत आणि ती खाली मान घालून लिहितेच आहे. जागची हललीसुद्धा नाही. याला म्हणतात काम! कोणाची आहे कोण जाणे. तिच्या आईबापांनी ऊर भरून बघावं अशी आहे."

लीलाताई मागे वळल्या. त्यांचे गाल ओले होते.

"बघतेच आहे मी, अहो," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यापासून बघते आहे. ती आपली निरू आहे."

मित्रांनो, इतके दिवस मला न सुटलेलं कोडं त्या एका वाक्याने सुटलं. लीलाताईंनी खतं बघितली नव्हती, मंत्री बघितले नव्हते. संसदेतला शब्द न् शब्द टिपणारी माणसं मधल्या टेबलाशी पाळीपाळीने येऊन बसतात. निरू आली की त्या हसत, आणि ती उठून गेली की कुकर लावायला जात. संसदेच्या दुसऱ्या, लाल गालिच्याच्या सभागृहाचा आठवडा असला, की तिथे निरू नसे आणि त्या हिरमुसत.

पद्माकरराव माझ्यापाशी आले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "केस कापलेत तिने," एवढंच ते म्हणाले.

आणि नेमका त्याच क्षणी माझ्या पोटात खरखर सुरू झाली. "गेली! गेली हो!" लीलाताई ओरडल्या. "नुसत्या रेघा आल्या! आजचा शेवटचा दिवस आहे तिचा तिथे. उद्यापासून तिला आतल्या समित्यांचं काम आहे. तिथे कॅमेरा नसतो!"

पद्माकररावांनी मला एक बुक्का मारला. एरवी मला राग आला असता. मग त्यांनी खिडकीतून वर बघितलं आणि शाल तशीच खांद्यावर टाकून, ताप अंगात असताना, गच्चीचा जिना चढून गेले. त्यांच्या खोकल्याचा आवाज वर वर जाताना मला ऐकू येत होता.

"पतंग अडकलाय अँटेनाला!" त्यांची हाक आली. "आली का?"

"नाही!" लीलाताई खिडकीतून ओरडल्या. "जरा फिरवा! आणखी! आली! आली! दिसतेय!"

"मग सोडू?"

"सोडू नका! सोडलंत की जाते! तशीच धरून ठेवा!"

ते धरून उभे राहिले. हिंमतराव खालून धावत आले. "वहिनी, शूं थयू? पद्माकरभाई तापात गच्चीवर काय करतात?"

"निरूला धरून उभे आहेत," लीलाताई म्हणाल्या. हिंमतरावांना ते काही समजलं नाही. पण तेही वर गेले.

"बोला, काय करतेय ती?" गच्चीवरून पद्माकररावांचा आवाज.

"लिहितेय! एकाने तिच्यासमोर हात आपटला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही!"

"शाबास! आता?"

"पान उलटलं! लिहितेय!"

असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. शेवटी अध्यक्षांनी सभागृह तहकूब केलं आणि माझ्यातून संगीत वाजू लागलं. पद्माकरराव हिंमतरावांच्या खांद्याचा आधार घेत खाली आले. त्यांच्या बोटाला मांजाने कापलं होतं.

"शेवटपर्यंत बसली होती?" त्यांनी विचारलं.

"शेवटपर्यंत."

त्यांनी मला पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. माझ्यातून आता गव्हावरच्या रोगांची माहिती येत होती. ते तीच ऐकत बसले. संध्याकाळी लीलाताई खाली फोन करायला निघाल्या, तेव्हा तेही पायऱ्यांपर्यंत गेले. तिथून मागे फिरले आणि म्हणाले, "तिला विचार, घरी कधी येतेस."

अधिवेशन संपल्यावर निरू आली. पहिल्या संध्याकाळी बापलेक दोघं माझ्यासमोर बसली होती आणि कोणीच बोलत नव्हतं. लीलाताई उगीचच आतबाहेर करत होत्या.

शेवटी निरूच माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माझी वेळ कधीच संपली होती. पण बदलीचा माणूस गर्दीतून टेबलापर्यंत पोचेचना. मग लिहीतच राहिले."

पद्माकररावांनी घसा साफ केला. "सगळे एकदम ओरडत असताना लिहायचं तरी काय?"

"ऐकू येईल तेवढं लिहायचं, बाबा. काहीच ऐकू येईना की कंसात 'व्यवधान', म्हणजे व्यत्यय, असा शब्द टाकायचा."

"आणि गोंधळ थांबल्यावर?"

"थांबल्यावर जो पहिल्यांदा बोलेल, त्याचं नाव लिहायचं आणि पुढे सुरू करायचं."

पद्माकररावांनी मांजाने कापलेल्या आपल्या बोटाकडे बघितलं.

"मग आपल्या घरातल्या व्यवधानापुढे माझं नाव लिही," ते म्हणाले.

निरूने ओठ घट्ट मिटून घेतले. मग ती हसली. तिचा चेहरा अगदी लीलाताईंच्या त्या खतांच्या दिवसासारखा झाला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असतो. खाली रंगीत टीव्ही आला, तो निरूनेच आणला. माझी तक्रार नाही. कोणी कधी वर आलं तर माझ्यावरची धूळ तेवढी झटका. आणि एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी एकटं बसून काही बघत असेल, मग ते कितीही कंटाळवाणं असो, तर हसून निघून जाऊ नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "तू तिथे कोणाला बघतेस?"