शटरखालचा पाय

तुम्ही खोटं बोललात. पहिली साथ ओसरली तेव्हा गल्लोगल्ली भोंगे फिरवून सांगितलंत, विषाणू मेला, दारं उघडा. आम्ही उघडली. तीच साथ पुन्हा आली आणि तुम्ही फक्त सूर बदललात. आता म्हणे तुमच्या शिबिरातून हिरवी पट्टी बांधून येईल तो बरा झालेला, त्याला निमूट घरात घ्या.

पट्टी काय, कुणीही बांधेल. आमचा भरवसा तळपायावर. हा रोग शिरला की आधी तळपाय मरतो. माणूस चालतो, बोलतो, ओळख देतो, फक्त गुदगुल्या होत नाहीत. मग एके दिवशी तो घरच्यांचेच गळे धरतो. म्हणून गल्लीत रीतच पडली. बाहेरून आलेल्यानं अनवाणी पाय शटरखालून आत सरकवायचा, आतल्यानं तळव्यावर ब्रश फिरवायचा. पाय झटकला, हसू फुटलं, की शटर वर. आमचं तर बुटांचंच दुकान, वरती राहायच्या खोल्या. पॉलिशचे ब्रश हवे तेवढे.

काल दिवेलागणीला शटर वाजलं.

"ए नकटे, उघड. मी आलोय."

मला नकटी म्हणणारा एकच, माझा थोरला भाऊ. तुमच्या गाडीनं त्याला नेलं तेव्हाच आम्ही त्याच्या नावानं रडून मोकळे झालो होतो.

आई धडपडत जिना उतरली. "अगं बघत काय बसलीस? उघड!"

"आधी पाय," मी म्हटलं. वर माझी तान्ही झोपली होती.

नवऱ्यानं शटर वीतभर उचललं. पाय आत आला. नवरा वाकून म्हणाला, "हा मेहुण्याचाच. सांगून सांगून थकलो, तरी अर्धा नंबर लहान बूट घालायचा. अंगठा बघ कसा वाकडा झालाय."

"दाजी, टिंगल नंतर करा," बाहेरून आवाज आला. "भूक लागलीय."

मी ब्रश घेऊन खाली बसले. तळव्याजवळ नेला, तेवढ्यात आईनं माझं कोपर धरलं. "हळू गं, लागेल त्याला."

ब्रश हवेतच राहिला. आणि बाहेर तो खो खो हसला. पाय झटकला. "बास, बास! मेलो!"

नवऱ्याचा हात शटरकडे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "दादा, मी अजून ब्रश लावलेलाच नाही."

हसू मधेच बंद पडलं.

"तिथे तसं करून घेतात गं," तो म्हणाला. आवाज अगदी त्याचाच, लहानपणी मार खाऊन आल्यावरचा. "पाय आत टाकला की जरा थांबायचं, मग हसायचं आणि झटकायचा. रोज. चुकलं की परत. म्हणाले, बरा झालायस, पण घरचे वेडे आहेत, त्यांच्यासाठी एवढं कर. मी बराच आहे ना, नकटे?"

"पाय पुन्हा आत टाक," मी म्हटलं.

पाय आला. मी ब्रश टेकवला. टाचेपासून बोटांपर्यंत फिरवला, मग उलटा, मग जोर लावून. पाय दगडासारखा पडून.

"लाव ना आता," तो म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

आईनं तोंडात बोळा कोंबावा तशी स्वतःची मूठ कोंबली. मी तो पाय दोन्ही हातांनी धरला, बाहेर ढकलला, शटर ओढलं आणि कुलूप घातलं. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. तो बाहेर पायरीवर बसला असावा. मग समोरच्या घराच्या शटरबाहेरून हसण्याचा आवाज आला. तसाच खो खो. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून. मग पलीकडून. आणि एकामागून एक शटरं वर जायला लागली.

आम्ही वरच्या खिडकीतून घसा फुटेस्तोवर ओरडलो. कोण ऐकतंय? माणूस परत आल्यावर कुणाला ऐकू येतं?

आज गल्लीत शुकशुकाट आहे. दादा पायरीवर नाही. शिबिरं रिकामी दाखवायची होती की गल्ल्या रिकाम्या करायच्या होत्या, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला एवढंच सांगा. त्यांना हसायला कुणी शिकवलं? भोंग्यावरून नको. इथे या, शटरसमोर उभं राहा, बूट काढा आणि उत्तर द्या.