पाचव्या मजल्याआधीचा खटाक

“टकळे, हात मागे बांध. आज इथं कशालाही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खरंच स्वतःचेही हात मागे बांधले.

आम्ही गच्चीवरच्या मशीन-रूममध्ये होतो. या सात मजली इमारतीची लिफ्ट बाबा सव्वीस वर्षं सांभाळताहेत. भिंतीलगतचं लोखंडी कपाट आता रिकामं होतं. त्यातले दीडशे रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, कालच पोत्यांत भरून खाली गेले होते. त्यांच्या जागी माझ्या कंपासपेटीएवढी एक हिरवी पाटी, आणि तिच्यावर नखाएवढा मायक्रोप्रोसेसर. बस्स!

माझा शाळेचा प्रकल्प त्याच्यावरच होता, त्यामुळे माझी टकळी सकाळपासून नुसती सुटली होती.

“बाबा, पहिला मायक्रोप्रोसेसर लिफ्टसाठी नव्हताच मुळी! कॅल्क्युलेटरसाठी बनवला होता. आकडेमोड करायला!”

“मग आकडेमोडच करत बसायचं की. माझ्या लिफ्टमध्ये कशाला तडमडला?”

नवं मशीन बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर ताई खुदकन हसली. “काका, फक्त एक तास. इमारतीचे मॅनेजरसाहेब स्वतः लिफ्टनं वर-खाली करणार. तुम्ही नुसतं बघायचं आणि या कागदावर लिहायचं. तास नीट गेला की नव्या मशीनची देखभाल तुमच्याकडेच. साहेबांनी कबूल केलंय.”

“आणि नाही गेला तर?”

“न जायला काय झालंय?” म्हणत ती खाली साहेबांकडे गेली.

बाबा स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ते लिफ्ट कानांनी बघतात. प्रत्येक मजल्याला रिलेचा एक टक, आणि थांबायच्या जरा आधी मोठा खटाक. खटाक झाला म्हणजे वेग उतरला. माझ्या जन्माआधी एकदा तो झालाच नाही. बाबांनी त्याच क्षणी मेन स्विच ओढला आणि आतल्या दोन बायका वाचल्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावीच लागते.

“बाबा, डोळे उघडून बघा ना.”

“डोळ्यांना काय कळतंय?”

चाळीस मिनिटं गेली. कागदावर आठ वेळा ‘ठीक’ लिहून झालं. मी अखंड बोलत होते. सेकंदाला लाखो निर्णय, शिवाय दमणं नाही, गंजणं नाही. बाबा डोळे मिटून ‘हं, हं’ करत होते. लिफ्ट नवव्यांदा वर निघाली, या खेपेला पाचव्या मजल्याला, मोटर हळूच गुणगुणायला लागली, आणि मी पाणी प्यायला थांबले.

खोली एकदम गप्प झाली.

“खटाक नाही झाला,” बाबा म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या हातानं मेन स्विच खाली ओढला होता.

खालून कुणीतरी लिफ्टच्या दारावर थापा मारायला लागलं.

बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, दुसरंच कुणी तो तिथं विसरून गेल्यासारखं. मग म्हणाले, “दांडा धर. मी सांगेन तेव्हाच सोड.”

मी ब्रेक सैल करणारा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला. बाबा मोटरचं चाक हातानं फिरवायला लागले. दोरावर पाचव्या मजल्याची पांढरी खूण होती, त्यांनीच कधीतरी रंगवलेली. ती सरकत सरकत आली.

“सोड.”

लिफ्ट मजल्याला इतकी बरोबर लागली, की साहेबांना पाऊलही उचलावं लागलं नसेल.

इंजिनिअर ताई धापा टाकत वर आली. “काका, मी ‘वीज गेली होती’ असं लिहिते. साहेबांना काय कळतंय?”

“नको. मशीन बरोबर चाललं होतं.” बाबांनी नवव्या ओळीत लिहिलं: मेन स्विच मी ओढला. खाली सही केली.

साहेब आले. कपाळ पुसत त्यांनी कागद दोनदा वाचला.

“सव्वीस वर्षं म्हणजे फार झाली हो,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “सोमवारपासून कंपनीचीच माणसं बघतील.”

बाबांनी किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. मला रडू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. तळहातांना वंगणाचा वास येत होता, तेवढाच कळत होता.

“चल, टकळे. बोल काहीतरी.”

“सेकंदाला लाखो...” मी सुरू केलं आणि पुढचं विसरले.

ताईनं मेन स्विच पुन्हा वर केला होता; आम्ही लिफ्टनंच खाली निघालो. लिफ्टमध्ये काहीच वाजत नव्हतं. बाबांनी डोळे मिटले होते आणि एका बोटानं ते मांडीवर ठोके देत होते. सहावा, टक. पाचवा, टक. चौथा, टक.

दार उघडलं. तळमजला आला होता. बाबांचं बोट अजून तिसऱ्यावर होतं.

दार मिटू नये म्हणून मी त्यात हात धरून उभी राहिले, बाबांचे ठोके खाली पोहोचेपर्यंत.