दूध वाढलंय

मला कोणी चांगली म्हणावं अशी माझी इच्छाही नाही. भूकंपानंतर बाराव्या दिवशी परदेशी सरकारची मदत आली, तेव्हा शाळेच्या मैदानातल्या रांगेत धाकटी जाऊ माझ्या पुढे होती. तिची लेक दोन महिन्यांची, माझा मुलगा आठ महिन्यांचा. धसक्यानं जावेचं दूध गेलं होतं आणि लेक साखरेच्या पाण्यावर होती.

टेबलाशी परदेशी बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचा दुभाष्या, आपली भाषा पुस्तकातून शिकलेला दीडशहाणा. आईला दूध नसेल तरच बाळासाठी पावडरचे डबे, असा नियम. त्यानं जावेला विचारलं, दूध येतं का?

आता आमच्या सासूबाईंची शिस्त अशी की घरात काही 'संपलं', 'आटलं' म्हणायचं नाही, अभद्र असतं. पिठाचा डबा रिकामा झाला तरी पीठ 'वाढलं' म्हणायचं. सासूबाई ढिगाऱ्याखाली गेल्या, शिस्त मागे राहिली. जाऊ मान खाली घालून म्हणाली, "दूध वाढलंय हो."

दुभाष्यानं खूश होऊन ते बाईंना सांगितलं. बाईही हसल्या आणि यादीतल्या जावेच्या नावावर काट मारली. ही वेडी बाजूला जाऊन डब्यांची वाट बघत उभी राहिली.

मला एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. पण टेबलामागे एकच खोकं उरलं होतं. माझं दूध कमी झालं होतं, आटलं नव्हतं. दातखीळ वगैरे काही बसली नाही माझी, मी चांगली खणखणीत बोलले.

"माझं आटलं."

खोकं मला मिळालं. जावेला मी सांगितलं, तुझं पुढच्या गाडीत येणार आहे. संध्याकाळी तिनं वाटीभर पावडर मागितली. इतक्या लहान बाळाला ही सोसत नाही, असं मी म्हटलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगीच पडली? ती दुसऱ्या दिवशीही आली. मग आली नाही. नवव्या दिवशी लेक गेली.

महिन्यानं बाई पुन्हा आल्या. त्यांच्या सरकारला दाखवायला गुटगुटीत बाळाचा फोटो हवा होता. माझ्या हातात डबा दिला, म्हणून मुलाला जावेनं घेतलं. दुभाष्या हसा म्हणाला, मी हसले. जावेनं त्याला कडेवर नीट वर सरकवलं.

"चांगलं अंग धरलंय हो यानं, ताई," ती म्हणाली.