मनोरची पब्लिक

तारापूरजवळच्या सरावलीत डीजे म्हटलं की माणसं विचारतात, हळदीला किती घेणार? ज्ञानेश बिचारा दरवेळी समजावून सांगायचा, मी डीप हाऊस करतो. एकसारखा ठोका, खाली घुमणारा बेस, शब्द जवळजवळ नाहीतच. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, बरं, मग बेंजोची पार्टी कोण आणणार? आता काय कपाळ फोडून घ्यायचं?

त्याचे वडील नागोराव नांदेडकडून तारापूरच्या कारखान्यात आलेले. त्यांनी कधी आरडाओरडा केला नाही. एका सकाळी ते एवढंच म्हणाले, "ज्ञान्या, साहेबाशी बोललोय. सोमवारपासून माझ्याच प्लँटात लागायचं. तुझं ऐकणारं कुणी असंल तर दाखव. मी साहेबाला नाही म्हणून सांगतो."

झाली ना पंचाईत! ज्ञानेशने गाणी टाकायचं ॲप उघडलं. त्याचं गाणं सगळ्यात जास्त वाजत होतं कुठे? मुंबई नाही, पुणे नाही. मनोर! खाली कुणा देवूने लिहिलंही होतं, 'आमच्याकडं दिवसभर हेच चालू असतं, कधीही या,' आणि पत्ता दिला होता. ज्ञानेशच्या डोळ्यांपुढे हायवेवरचं रिसॉर्टच उभं राहिलं, स्विमिंग पूल, कमरेइतक्या पाण्यात नाचणारी पब्लिक. गाणं किती वेळा वाजलं ते त्याने पाहिलं. ऐकणारे किती, हा आकडा शेजारीच होता, तो काही पाहिला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! रविवारी त्याने वडिलांना बाइकवर मागे बसवलं आणि मनोर गाठलं.

हायवे सोडून ते कच्च्या रस्त्याला लागले, तसा लांबून बेस ऐकू आला. त्याचाच!

"बाबा, ऐकताय ना?" ज्ञानेशचा ऊर भरून आला होता.

मग वास आला. पुढे पत्र्याची लांबलचक शेड, जाळी, आणि आत पांढऱ्या कोंबड्याच कोंबड्या. छताला टांगलेल्या स्पीकरवर त्याचं गाणं चाललं होतं.

हात पुसत एक बाई बाहेर आली. देवूची आई, रखमा. देवू खाद्य आणायला गेला होता. ज्ञानेश कोण ते कळलं, तशी ती हरखून गेली. "तुमीच केलंय काय हे? लई उपकार बाबा! हायवेला हॉर्न वाजला का सगल्या एका कोपऱ्यात धावायच्या, एकीवर एक, खालच्या गुदमरून मरायच्या. हे लावलं आन् मरतूक थांबली."

ज्ञानेशला हसावं की रडावं कळेना. ऐकणारं कुणीतरी होतं, हे खरं. पण याला ऐकणं म्हणायचं का? वडिलांकडे बघायचा तर धीरच होईना.

"एकच सांगते," रखमा म्हणाली, "मधी सगलं बंद पडतं ना, आन् मग धाडकन सुरू होतं, तिथं बिचाऱ्या दचकतात. तेवढं काढून टाका."

तो ब्रेक! आख्खा पावसाळा त्या एका थांब्यावर घासला होता त्याने. पण उद्यापासून प्लँटातलं हेल्मेटच घालायचं, तर ब्रेक राहिला काय नि गेला काय!

"काढतो मावशी," तो म्हणाला.

"नाही काढायचं," नागोराव म्हणाले.

तेवढ्यात गाणं त्याच जागी आलं आणि थांबलं. कोंबड्या माना ताणून उभ्या. नागोरावांचं बोट हवेत वर गेलं, तसंच राहिलं, आणि ठोका पडला नेमका तेव्हाच खाली आलं.

ज्ञानेश बघतच राहिला.

"बाई, तुमच्या कोंबड्यांना हा दुसरं करून देईल," नागोराव म्हणाले. "हे असंच राहू द्या. नाइट शिफ्ट करून मी दिवसा झोपायचो, अन् हा भिंतीपलीकडं हेच वाजवायचा. पहिले लई राग यायचा. पुढं पुढं ते थांबलं की मीबी श्वास धरून पडायचो. ठोका आला की मग झोप लागायची."

ज्ञानेश वडिलांकडे वळला. "बोलला नाहीत कधी, बाबा."

"तू विचारलंस कधी? मनोरपर्यंत ऐकणारे हुडकत आलास."

तो बाइककडे गेला, किल्ली लावली, तरी त्याला काही उमगेना. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "मग उद्याचं काय?"

नागोराव मागे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगतो साहेबाला," ते म्हणाले, "पोरगं आधीच कामाला लागलंय म्हणून."