पूनमच्या वाटची भाकरी

दौंडला जिल्ह्याची क्रॉस कंट्री शर्यत होती. शेवटचं वळण राहिलं असताना पूनम बसली. धडपडली नाही, ठेच लागली नाही. दमलेलं जनावर वाटेतच बसकण मारतं तशी ती बसली आणि मग एका अंगावर कलंडली. सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी पोचला तो तिचा आजा, रखमाजी. सत्तरी ओलांडलेला माणूस धोतराचा सोगा हातात धरून उसाच्या कडेकडेनं धावत आला.

त्यानं तिला बसतं केलं, पाठीला हात दिला आणि त्याची बोटं तिथंच थबकली.

रखमाजीचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मेंढी लोकरीनं झाकलेली असते. ती भरलेली आहे की आतून खंगली आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून धनगर तिच्या कण्यावर हात ठेवतो. बोटांना मांस लागलं तर मेंढी वाटेला लावायची. मणके मोजता आले तर तिला मागं ठेवायची, चारायची, भरू द्यायची. पूनमच्या घामेजलेल्या सदऱ्यावरून त्याला एकेक मणका मोजता येत होता.

"आबा, कितवी आले मी?" पूनमनं डोळे न उघडताच विचारलं.

"गप पड, बाय माझे."

जस्मिन बाई तेवढ्यात धापा टाकत आल्या. त्या शाळेत खेळ शिकवायच्या, मूळच्या शिरूरच्या. पूनमच्या न्हावऱ्यासारख्या गावात मुलींना पळायला लावणाऱ्या पहिल्या बाई त्याच. त्यांनी मुलींना घेऊन आलेली जीप वळवून घेतली आणि पूनमला दौंडातल्याच एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. पूनमला पडद्याआड नेऊन मुलींना विचारायचे ते प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हिमोग्लोबिन साडेसात. एवढ्या रक्तावर ही पळत कशी होती? सकाळी काय खातेस गं?"

पूनमनं आजाकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत सांगितलं, "भाकरी. गूळ आन् शेंगदाणे. घरी आल्यावर दूध."

"रोज?"

"रोज."

"आणि रात्री?"

"दोन भाकरी. कालवण."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढं खाऊनही ही अशी असेल तर मग आतलं काही दुखणं आहे. पुण्याला मोठ्या तपासण्या करून घ्या. ते कळेपर्यंत पळणं पूर्ण बंद."

रखमाजी बाकड्यावर बसला होता. एक शब्द बोलायचा होता. तो त्याच्या जिभेवर आलाही होता. पण जस्मिन बाई समोर उभ्या होत्या, दोन अनोळखी माणसं कानोसा घेत होती, आणि त्यानं गळ्यातलं उपरणं सारखं करण्याच्या निमित्तानं मान खाली घातली.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं.

गोकुळाष्टमीपासून पूनम रोज पहाटे कालव्याच्या पुलापर्यंत पळत जायची आणि परत यायची. रखमाजी पुलावर बसायचा. त्याची पाळलेली मेंढी, कपाळी, त्याच्या मागं मागं यायची. पूनमची आई प्रतिभा अंधारातच उठून चूल पेटवायची, गरम भाकरी थापायची, तिच्यात गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे घालून फडक्यात बांधून सासऱ्याच्या हाती द्यायची. "मामा, पळून झालं की लगेच खाऊ घाला. बाई म्हनल्यात, अर्ध्या तासाच्या आत पोटात गेलं पायजे."

जस्मिन बाईंनी तसं खरंच सांगितलं होतं. मटकीला, हुलग्याला मोड आणा, पालेभाजीवर लिंबू पिळा, जमलं तर अंडं द्या, आणि पळून आल्यावर मुलीला उपाशी ठेवू नका. रखमाजीनं त्यांच्यासमोर "व्हय बाई, व्हय" म्हणून मान डोलावली होती. पुलावर आल्यावर मात्र तो नातीला म्हणाला होता, "बाईंचं समदं पुस्तकातलं. मेंढरू वाटंला लावायच्या आदी त्याला कुनी पोटभर चारतं का? दवातला पाला खाल्ला की पोट फुगतं, चढाला बसकण मारतं. आमी दिवाळी झाली की कोकणात उतरायचो. दिवसाला सहा-सहा कोस. पोटात काय? मूठभर फुटाणं आन् वढ्याचं पानी. अंग हलकं तर पाय हलका."

"मग ही भाकरी?"

"कपाळीला दे. आन् आईला काय बोलू नगं. उगं जीव टांगनीला लावंल ती."

पूनमनं ऐकलं. तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून आबांनीच सगळं शिकवलं होतं. चांदण्या, पाऊलवाटा, कोणता पाला विषारी, कोणता औषधी. आबा चुकतात ही गोष्ट तिच्या डोक्यात कधी आलीच नाही. त्याच महिन्यात शिरूरला तालुक्याच्या शर्यतीत तिचा पहिला नंबर आला. उपाशीपोटी. रखमाजीची छाती फुगली. दसऱ्यानंतर त्यानं तिची रात्रीची एक भाकरीही कमी करायला लावली, आणि जेवणानंतर मळमळतं असं आईला सांगायचं हेही त्यानंच शिकवलं. कपाळी मात्र चांगली गोल झाली.

सोमवारी सकाळी तो दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेला. रांगेत पुढं झुंबरबाई होती. तिच्या जिभेत हाड गावात कुणाला सापडलं नव्हतं.

"काय आबा, पोरगी आपटली म्हनं दौंडाला?"

"चक्कर आली जराशी."

"चक्कर यील न्हाई तर काय! किटली भरून दूध हितं आनायचं, आन् पोरीला काय, भांडं खंगाळल्यालं पानी? तुमची सून लई टुकीनं परपंच करते बाई! लेकीच्या तोंडचं काढून डेअरी भरते."

रांगेतले दोघं-तिघं हसले. रखमाजीला वाटलं, किटली खाली ठेवावी आणि सांगावं. तो किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. फॅट बघणाऱ्यानं हाक मारली, त्यानं दूध ओतलं, आणि तो घरी आला.

झुंबरबाईचं बोलणं त्याच्या आधीच घरी पोचलं होतं. प्रतिभा गोठ्यात शेण भरत होती. त्याला बघून तिनं पाटी उचलली आणि उकिरड्याकडं गेली. दुपारी पाटसच्या साखर कारखान्यातून तिच्या नवऱ्याचा, रविराजचा निरोप आला. हंगाम चालू, रजा नाही; पण पोरीचं पळणं आता कायमचं बास, आणि "घरात बाईमानूस असून पोर अशी कशी वाळली" एवढंही त्यानं निरोपात घालून पाठवलं होतं. ते ऐकून प्रतिभेनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पाटी उचलली.

त्या दिवशी रखमाजी पुलावर एकटाच जाऊन बसला. त्याला बायकोची, बानूबाईची आठवण आली. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. कोकणच्या वाटेवर ती घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपाच्या पुढं निघायची. पुरुष मेंढरं हाकत मुक्कामाला पोचायचे तेव्हा तीन दगडांची चूल पेटलेली असायची. भाकरीची चवड, लसणाची चटणी, मेंढीचं दाट दूध. कधी वाटेतला शेतकरी रानात खतासाठी मेंढरं बसवल्याबद्दल धान्य घालायचा, ते शिजवून त्याच्या घुगऱ्या, खिचडी. आणि मेंढरं? मेंढरं तर चालता चालता दिवसभर खातच असायची. मान खाली, तोंड चालू. उपाशी कोण होतं त्या वाटेवर? दुपारचे फुटाणे त्याच्या लक्षात राहिले होते, कारण ते त्यानं स्वतः कनवटीला बांधलेले असत. रात्रीची भाकरी आयती पुढ्यात यायची, म्हणून ती त्यानं कधी मोजलीच नव्हती. आणि त्या अर्ध्यामुर्ध्या आठवणीवर त्यानं चौदा वर्षांच्या पोरीला पळवलं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर जस्मिन बाई घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी घेतलं. पूनम दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्रतिभा ज्वारी निवडत होती.

"पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता आणलाय," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या शर्यतीतून तिचं नाव काढलं मी. काढावंच लागलं. वाईट मानू नका, प्रतिभाताई, पण एक विचारते. घरात खायला देता ना हिला नीट? गावात काय काय बोलतात म्हणून विचारते."

प्रतिभेचे हात सुपात थांबले.

"बाई, मी रोज कोंबडं आरवायच्या आदी उठते. माज्या हातानं भाकरी बांधते. रिकामं फडकं परत आलं की मला बरं वाटायचं, म्हनायचे खाल्लं पोरीनं. आता समदी म्हनत्यात मीच उपाशी मारली. आसंल. माज्या हातालाच काय तरी दोष आसंल. लिवा तुमी, आईनं हयगय केली म्हनून लिवा. पर हिला काय दुखनं हाय ते तरी शोधा."

"आई, तसं न्हाई गं—" पूनम बोलायला गेली आणि अडखळली. तिनं आजाकडं बघितलं.

रखमाजी उठून उभा राहिला. त्यानं खांब धरला.

"दुखनं न्हाई तिला काय," तो म्हणाला. "पुन्याला न्यायाचं काम न्हाई."

"आबा!" पूनम ओरडली. "नगा!"

"तू गप. बाई, तिनं खाल्लंच न्हाई. ती भाकरी मी मेंढीला घालायला लावली. रातचीबी एक कमी करायला मीच सांगितलं. मळमळतंय म्हन, हेबी मीच शिकवलं. दवाखान्यात ती खोटं बोलली ती माजी लाज राखाया. आन् मी बसून ऐकलं."

आत दुधाचं पातेलं उतू गेल्याचा वास आला, तरी प्रतिभा उठली नाही.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"गोकुळाष्टमी."

तिनं मनाशी हिशेब केला असावा. ओठ हलले.

"म्हंजी साडेतीन म्हैने मी पहाटं उठून मेंढीसाठी भाकरी थापत व्हते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर रखमाजीला सोसलं असतं. "सोमवारी झुंबरबाई बोलली तवा तुमी तितं व्हता, मामा."

"व्हतो."

"बरं," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

जस्मिन बाईंनी पत्त्याची चिठ्ठी घडी करून परत पर्समध्ये ठेवली. त्यांचा राग तोंडावर दिसत होता, पण त्या रखमाजीला बोलल्या नाहीत. वयाचा मान आड आला असेल. त्या पूनमला जवळ घेऊन बसल्या आणि वहीवर लिहून दिलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या किती, त्या चहाबरोबर का घ्यायच्या नाहीत, मोडाचे हुलगे कधी, भाकरी किती. "गाडीत डिझेल नसेल तर गाडी पळते का? तू डिझेलशिवाय पळालीस, पूनम. मग शरीरानं तुझंच रक्त, तुझंच मांस जाळलं. हे भरून यायला तीन महिने लागतील. रक्त वाढलं की मी स्वतः घड्याळ घेऊन उभी राहीन. तोवर एक पाऊलही पळायचं नाही."

"तीन म्हैने?" पूनमचा चेहरा उतरला.

"कायमचं थांबण्यापेक्षा बरं ना? पुण्याला काही सापडलं नसतं, आणि बाबांनी तुला पुन्हा कधीच पळू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी रखमाजी डेअरीवर गेला आणि रांगेत आपणहून सांगितलं. झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला, म्हणाली, "आरं देवा! आन् आमी त्या पोरीच्या आईला कुटत बसलो! आबा, तुमची मेंढी मातर झकास झाली हां." या वेळीही माणसं हसली. रविराजला त्यानं शाळेतल्या फोनवरून सांगितलं.

सांगून टाकलं की ओझं उतरेल, असं त्याला वाटलं होतं. उतरलं नाही. प्रतिभेनं त्याचं जेवणखाण, अंघोळीचं पाणी, काही चुकवलं नाही. पण त्याच्याशी थेट बोलणं तिनं टाकलं. "पूनम, आबांना म्हनावं बसा." "पूनम, आबांना आनखी पायजे का इचार." आणि भाकरी बांधून त्याच्या हाती देणं तिनं बंद केलं. ती आता लेकीला चुलीपाशी बसवून स्वतःसमोर खायला घालायची, आणि स्वतःही तिच्याबरोबरच दोन घास खायची. आधी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. तेही रखमाजीनं इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे पूनम सवयीनं उठली. जायला कुठं नव्हतं. ती ओसरीवर कंदील घेऊन इतिहासाचं पुस्तक उघडून बसली. दूध संपवून झालं होतं, ओठांवर साय लागलेली होती. रखमाजी समोर घोंगडीवर बसून होता.

"आबा," तिनं पुस्तकातून मान न काढता विचारलं, "तीन म्हैन्यांत पाय इसरतात का वो पळायचं?"

त्याच्याकडं अशा प्रश्नाला पूर्वी तयार उत्तर असायचं. एखादी मेंढी, एखादा पावसाळा, एखादा घाट. ते आताही ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"मला ठावं न्हाई, बाय," तो म्हणाला. "बाईंना इचार."

पूनमनं पान उलटलं. ती वाचत होती, ओठ हलत होते, बोट ओळीवर होतं. खाली, परकराच्या काठाआड, तिची पावलं जमिनीवर आळीपाळीनं हळूहळू आपटत होती, डावं, उजवं, डावं, उजवं. ते तिला कळत नव्हतं. रखमाजीला दिसत होतं, आणि उजाडेपर्यंत तो तिथून उठला नाही.