राखून ठेवलेलं मत

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी रेंगाळलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. आज कुणा साधुपुरुषाची नाही, एका राजकारण्याची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. देव त्यांच्याही दारी जातो, फक्त तिथं गर्दी फार, त्यामुळं त्याला उभं राहायला जागा मिळत नाही.

वेंडेल हॉगलंड हा आमच्या नॉर्थ डकोटाचा सिनेटर. जुन्या वळणाचा माणूस. सरकारनं सैन्य ठेवावं, टपाल पोचवावं आणि बाकी माणसांना आपापल्या घरी सुखानं राहू द्यावं, एवढंच त्याचं राजकारण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. थोरली बहीण आर्डिस हिनं त्याला वाढवलं, त्यापायी लग्न केलं नाही, आणि त्यांच्या सोलबर्ग गावच्या चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवला. वेंडेलला सगळी भजनं पाठ होती ती तिच्यामुळं. वॉशिंग्टनमध्येसुद्धा जिना चढताना तो खालच्या सुरात गुणगुणायचा, आणि पहारेकरी एकमेकांना म्हणायचे, आला आमचा पाद्री.

आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षानं आणीबाणी पुकारली. राष्ट्राध्यक्ष वेंडेलच्याच पक्षाचा. कुठल्या तरी दूरच्या समुद्रात कुणाची तरी जहाजं अडवली गेली होती, आणि तेवढ्या निमित्तानं सोलबर्गची शेतं, चर्च आणि चर्चमागची स्मशानभूमी तोफांच्या सरावासाठी कुंपणाच्या आत गेली. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. न्यायालय म्हणालं, आणीबाणी आहे तोवर आमचे हात बांधलेले. आर्डिसचं घर कुंपणात आलं. ईस्टरनंतरच्या सोमवारी ते रिकामं करायचा हुकूम होता.

तेव्हा वेंडेलनं सैन्याच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकाला एक दुरुस्ती जोडली. राष्ट्राध्यक्षानं आणीबाणी खुशाल पुकारावी, पण तीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी होकार दिला नाही तर ती मावळेल. आणि आधीपासून चालत आलेल्या, होकार न मिळालेल्या साऱ्या आणीबाण्या कायदा होईल त्या दिवसापासून रद्द. खालच्या सभागृहानं ती मान्य केली होती. सैन्याचे पगार त्यातच असल्यानं राष्ट्राध्यक्षाला सही टाळता येणार नव्हती. आता फक्त सिनेट उरलं होतं.

पक्षाचा प्रतोद कार्लटन मेबरी त्याला उपाहारगृहात गाठून म्हणाला, "हॉगलंड, मागचे दोघे राष्ट्राध्यक्ष तिकडच्या पक्षाचे होते तेव्हा तू हेच बोलायचास, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता आपला माणूस बसलाय तिथं. आता कसला लगाम?"

"लगाम घोड्याचा रंग बघून घालत नाहीत, कार्लटन."

"तुझ्या बहिणीचं घर वाचवायला घालतात, असं लोक म्हणतायत."

"खरं म्हणतायत. माझ्या बहिणीचं घर लोकांच्या घरांपैकीच एक आहे." वेंडेलनं सूप संपवलं. "तुझं कुंपणात आलं की मला सांग. तुझ्यासाठीही बोलेन."

मतं मोजून झाली होती. दुरुस्तीच्या बाजूनं बावन्न, विरोधात अठ्ठेचाळीस. त्या अठ्ठेचाळिसांत एमेट ब्रूसार्ड होता, लुइझियानाचा, राष्ट्राध्यक्षाचा कट्टर माणूस आणि वेंडेलचा अठरा वर्षांचा मित्र. एक कॅथलिक, एक लूथरन; दर बुधवारी सकाळच्या प्रार्थनेला दोघं शेजारी बसायचे आणि कुणाचा सूर चढला यावरून भांडायचे. ब्रूसार्डच्या पोटात कर्करोग पसरला होता. लाफायेतच्या इस्पितळात तो शेवटचे दिवस मोजत पडला होता. वेंडेल रविवारी विमानानं त्याला भेटायला गेला.

"आलास? मला वाटलं माझ्या खुर्चीचं माप घ्यायला मेबरी आला."

"त्यानं तुझ्यासाठी विमान ठरवलंय, एमेट. खाटेसकट."

"माहीत आहे. बुधवारी येणार मी. तुझ्या विरोधात मत द्यायला मेलो तरी येईन."

"मरशीलच. डॉक्टर म्हणतात, वाटेतच."

"मग विमानात मरेन. उंचावरून वर जायला सोपं."

उशाशी त्याची बायको ओडील बसली होती. तिनं फक्त वेंडेलकडं पाहिलं. तीन दिवसांपासून ती नवऱ्याला नको जाऊ म्हणत होती, आणि तिचं तो ऐकत नव्हता.

आता सिनेटमधली एक जुनी रीत सांगतो. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. एखादा सभासद आजारी असला, येऊ शकत नसला, तर विरुद्ध मताचा एखादा मित्र त्याच्याशी जोडी धरतो. म्हणजे हजर असूनही स्वतःचं मत देत नाही. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी. कुणाचं नुकसान नाही. मोडली तर शिक्षा नाही. दिलेल्या शब्दापलीकडं तिला कसलाच आधार नाही.

"पडून राहा," वेंडेल म्हणाला. "मी तुझ्याशी जोडी धरतो."

ब्रूसार्डनं मान वळवली. "तुझ्याच दुरुस्तीवर? डोकं फिरलंय तुझं."

"माझ्याकडं चार मतं वर आहेत. माझं एक राखून ठेवलं तर काय बिघडतं?"

तेव्हा ते मत स्वस्त होतं. स्वस्तात दिलेल्या शब्दालाही किंमत असते, ती मागाहून कळते. ब्रूसार्डनं हात पुढं केला, वेंडेलनं तो धरला. ओडीलनं बाहेर जाऊन विमान रद्द केलं आणि तिथंच व्हरांड्यात भिंतीला टेकून रडली.

बुधवार उजाडला, ईस्टरच्या आधीचा. सकाळी कळलं की दुरुस्तीच्या बाजूचे दोघे फुटले. एकाच्या राज्यात विमानतळ व्हायचा होता, दुसऱ्याला पुढच्या निवडणुकीत पक्षातलाच उमेदवार समोर उभा करण्याची धमकी मिळाली होती. पन्नासाला पन्नास. ब्रूसार्ड येणार नव्हता. म्हणजे वेंडेलनं मत दिलं तर पन्नासाला एकोणपन्नास, दुरुस्ती मंजूर. न दिलं तर एकोणपन्नासाला एकोणपन्नास, आणि बरोबरी म्हणजे हार.

विरोधी पक्षाच्या सिनेटर ज्यूडिथ प्रुएट यांनी दुरुस्तीसाठी चार महिने दारोदार फिरून मतं गोळा केली होती. त्या वेंडेलच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"फोन करा ब्रूसार्डना. शब्दातून मोकळं करा म्हणावं."

वेंडेलनं फोन लावला. ओडीलनं उचलला.

"वहिनी, कसा आहे?"

"मधूनमधून शुद्ध येते, भाऊजी. मघाशी विचारलं, मतदान झालं का. मी म्हटलं, अजून नाही, पण वेंडेल आहेत तिथं. बरं म्हणाला नि डोळे मिटले. आधी दर तासाला विमान, विमान करायचा. आता निवांत आहे." ती थांबली. "तुम्हाला काही बोलायचं होतं का? उठवू?"

प्रुएट समोर उभ्या होत्या. वेंडेलनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"नाही. नुसती चौकशी केली. झोपू द्या त्याला."

त्यानं फोन ठेवला. मग प्रुएट म्हणाल्या, "ते आले असते तर विमानातच गेले असते. त्यांचं मत पडणारच नव्हतं. तुम्ही कुणाचं मत सांभाळताय, हॉगलंड?"

"तो येणार होता. मी थांबवला."

"एका मरणाऱ्या माणसाच्या समाधानापायी अख्ख्या देशाच्या गळ्यात हे जोखड ठेवायचं?"

"ज्याला कुठलीच गोष्ट अडवत नाही असा माणूस तिथं बसलाय म्हणून आपण हे करतोय ना? त्याच्याकडंही कारणं चांगलीच असतात, ज्यूडिथ. दर वेळी असतात. त्याला आवरायचं म्हणतोय, तर आधी मला आवरता यायला हवं."

"सुंदर बोललात. हेच वाक्य तुमच्या बहिणीला ऐकवा." आणि त्या दार उघडं टाकून गेल्या.

नावं पुकारली जाऊ लागली. हॉगलंड हे नाव आलं तेव्हा तो उभा राहिला. जुन्या रीतीचे शब्द त्याला पाठ होते. "या मतावर माझी लुइझियानाच्या सिनेटरांशी जोडी आहे. ते हजर असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मी मोकळा असतो तर बाजूनं दिलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो."

वरच्या सज्जात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. दुरुस्ती पडली.

मेबरी गर्दीतून वाट काढत आला आणि दोन्ही हातांनी त्याचा हात हलवू लागला. "शब्दाचा माणूस. सिनेटला अजून अशी माणसं आहेत, हे लोकांना दिसलं पाहिजे." त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे. सगळा दिवस प्रतोदाच्या बाजूची माणसं येऊन त्याची पाठ थोपटत होती.

शनिवारी ब्रूसार्ड गेला. आपल्या गावात, ओडीलच्या हातात हात ठेवून. मतदानाचं काय झालं ते तिनं सांगितलं होतं. तो हसला म्हणे. की तोंड वाकडं केलं, तिला नीट कळलं नाही.

ईस्टरला सोलबर्गच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. बाहेर चिखल आणि वारा. आर्डिसनं ऑर्गन वाजवला, लोकांनी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची भजनं चार वेगळ्या सुरांत एकत्र म्हटली, अशी म्हटली की छताच्या फळ्या दणाणल्या. गाताना माणसाला वाटतं, आता काही हरवणार नाही. गाणं संपलं की कळतं. शेवटच्या आमेननंतर लोक बाकांवरून उठेनात. पाद्रीबुवांनाच जाऊन एकेकाच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

सोमवारी सकाळी वेंडेल तिच्या स्वयंपाकघरात खोकी बांधत होता. फाटकाशी सैनिकांची गाडी उभी होती. पोरं सभ्य होती, कॉफीसुद्धा घेऊन गेली. आर्डिस चौऱ्याऐंशीची. कप कागदात गुंडाळून ठेवत होती.

"किती मतांनी पडली म्हणालास?"

"एका."

"कुणाच्या?"

"माझ्या, ताई."

तिनं कप ठेवला, दुसरा घेतला. "रेडिओवर सांगत होते. मला वाटलं चुकीचं सांगतायत." कागद नीट दुमडला. "त्या माणसाला शब्द दिला होतास."

"हो."

"आणि मला?"

"तुला शब्द दिला नव्हता, ताई. प्रयत्न करतो म्हटलं होतं."

"नव्हता दिला. बरोबर आहे. घरच्यांना कोण शब्द देतं? ते असतातच."

तिनं खिडकीतून चर्चमागं पाहिलं, जिथं आई-वडील होते आणि त्यांच्या शेजारी तिनं स्वतःसाठी जागा धरून ठेवली होती. "तू खोटा पडला असतास तर मला लाज वाटली असती," ती म्हणाली. "पण घरात बसून वाटली असती."

मग खोकं उचलायला त्याच्याकडं सरकवलं.

तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत आर्डिसनं त्या वर्षीचा हिवाळा कसाबसा काढला. तिथल्या चर्चला ऑर्गन वाजवणारी होती. हिला मागल्या बाकावर बसावं लागे, आणि गाताना तिची बोटं गुडघ्यावर चालत. मार्चमध्ये ती गेली. अनोळखी माणसांच्या स्मशानात पुरली, कारण सोलबर्गला त्या आठवड्यात तोफा चालू होत्या आणि परवानगी मिळाली नाही. वेंडेलनं दुरुस्ती पुन्हा दोनदा आणली. दोन्ही वेळा आधीपेक्षा जास्त मतांनी पडली. ती आणीबाणी अजून उठलेली नाही.

वेंडेल हॉगलंडचं नाव काढणारे पुष्कळ आहेत. नव्या सभासदांना त्याची गोष्ट सांगतात, शब्द म्हणजे काय ते शिकवायला. सांगू देत. त्यानं केलं ते बरोबर होतं, असं मीही मानतो, आणि मानताना जड जातं. पण त्या शब्दाची किंमत त्यानं एकट्यानं दिली नाही. तेव्हा आज घरी जाऊन दिवा मालवण्याआधी देवापुढं दोन शब्द बोलाल, त्यात आर्डिस हॉगलंडचं नाव घ्या. सोलबर्गची आर्डिस, ऑर्गन वाजवणारी. तिला कुणी विचारलं नव्हतं. तेवढी आठवण ठेवा.